नाव बडोद्याचे, संघ कोणाचा?

फुटबॉलच्या संघाला शहराचे नाव असते. परंतु त्या शहराला संघाच्या कारभारात काही शब्द असतो काय, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. संघ जिंकला म्हणजे गावभर फटाके वाजतात, हरला म्हणजे चार दिवस घरोघर त्याचीच चर्चा चालते. मात्र तोच संघ विकला गेला, दुसऱ्या शहरी हलविला गेला किंवा एका पत्रकानिशी बंद करून टाकला गेला, तर ज्यांनी उन्हापावसात उभे राहून त्याचा जयजयकार केला त्यांना विचारण्याची गरज कोणास भासत नाही. संघाची मालकी चाहत्यांच्या हाती असावी आणि कारभारही त्यांनी निवडलेल्या मंडळींनी पाहावा, ही कल्पना जगातील काही देशांत आज प्रत्यक्षात उतरलेली आहे. ती आपल्या देशात, आणि तीही बडोद्यासारख्या शहरात, रुजू शकेल काय, याचा विचार आज आम्ही करू इच्छितो.

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोलकाता, केरळ आणि आपला गोमंतक उभा राहतो. बडोदे उभे राहत नाही. बडोद्याचे नाव निघाले की सयाजीराव महाराज आठवतात, त्यांची ग्रंथालये आठवतात, जुम्मादादांची तालीम आणि विजय हजाऱ्यांचे क्रिकेट आठवते. मग फुटबॉलच्या प्रश्नासाठी बडोदेच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, जेथे मोठे क्लब पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत तेथे हा प्रश्न उच्चारताच अनेकांचे हितसंबंध आड येतात. बडोद्यात मोठा व्यावसायिक क्लब अजून रुजावयाचा आहे. पायाच घालावयाचा असेल तर तो कोणत्या पद्धतीने घालावा, हे तेथे मोकळेपणाने ठरविता येण्यासारखे आहे. शिवाय दहा माणसांनी एकत्र यावे, प्रत्येकाने थोडाथोडा पैसा घालावा, मतदानाने कारभारी निवडावेत आणि संस्था चालवावी, ही रीत त्या शहराला मुळीच नवी नाही. तिचा इतिहास पुढे येईलच.

गुजरात राज्य फुटबॉल संघटनेने २०२४ च्या मे महिन्यात गुजरात सुपर लीग ही स्पर्धा सुरू केली. अहमदाबाद, कर्णावती, गांधीनगर, सुरत, सौराष्ट्र आणि वडोदरा अशा नावांचे सहा संघ तीत उतरले. बडोद्याच्या संघाचे नाव वडोदरा वॉरियर्स. क्रिकेटवेड्या गुजरातेत फुटबॉलला असे व्यासपीठ मिळाले याचा आम्हांस आनंदच आहे, आणि स्पर्धेला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पहिल्या वर्षीचे सामने झाले ते अहमदाबादेतील एकाच मैदानावर. बडोद्याच्या प्रेक्षकाला 'आपला' संघ पाहावयाचा तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करणे भाग होते. संघ मालकांचा, मैदान दुसऱ्या शहराचे, आणि बडोद्याचे त्यांत काय, तर नाव! नवी स्पर्धा उभी करताना अशा तडजोडी कराव्या लागतात हे आम्ही जाणतो. परंतु नाव आणि गाव यांचे नाते पहिल्याच दिवशी इतके सैल असेल, तर ते पुढे तुटावयास वेळ लागत नाही, हे आपल्या देशातील अलीकडच्या इतिहासाने दाखविले आहे.

पुणेकरांस हा इतिहास चांगला ठाऊक आहे. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली तेव्हा एफसी पुणे सिटी हा तिच्या मूळ संघांपैकी एक होता. बालेवाडीच्या मैदानावर पुण्यातील तरुणांनी पाच हंगाम त्याचे निशाण फडकविले. २०१९ साली आर्थिक ओढाताणीमुळे तो संघ बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादेत उभ्या राहिलेल्या नव्या संघाने घेतली. हैदराबादच्या संघाने २०२२ साली लीगचे विजेतेपदही मिळविले. तोही पुढे कर्जबाजारी होऊन २०२५ साली दिल्लीला गेला. त्याआधी, २०१९ सालीच, दिल्लीचा एक संघ उठून भुवनेश्वरला गेला होता. गावोगावी तंबू ठोकणाऱ्या सर्कशीसारखे हे संघ फिरत राहिले. यांतील एकाही प्रसंगी त्या त्या शहरातील चाहत्यांचे मत घेतले गेले नाही. घ्यावे असा नियमच नव्हता.

यात सारा दोष धनिकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्या गोमंतकात फुटबॉल वाढला तो गावोगावच्या हौशी मंडळींच्या जोरावर, हे खरेच. परंतु तो राष्ट्रीय पातळीवर चमकला तो खाण-व्यवसायातील घराण्यांनी घातलेल्या पैशामुळे, हेही तितकेच खरे. डेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, साळगावकर क्लबने दोनदा. हे वैभव वर्गणीतून आले नव्हते. मात्र २०१६ साली लीगच्या नव्या आखणीचा निषेध म्हणून डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यांचा निषेध रास्त होता असे आम्हांस आजही वाटते. तरी मालकांच्या बैठकीत निर्णय झाला आणि हजारो चाहत्यांचा रविवार रिकामा झाला, ही वस्तुस्थिती उरतेच. दाता कितीही उदार असला तरी त्याचा हात आखडला की घेणारा उघडा पडतो. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचाच हंगाम करारांच्या वादात अडकून लांबणीवर पडला आणि काही क्लबांनी आपले काम थांबविले, तेव्हा देशभरच्या फुटबॉलप्रेमींना याचा पुन्हा प्रत्यय आला.

चाहत्यांनी यावर काय करावे? इंग्लंडातील विंबल्डन या लंडनच्या उपनगराने याचे एक उत्तर दिले आहे. तेथील जुना क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या नव्या शहरी हलविण्यास २००२ च्या मे महिन्यात परवानगी देण्यात आली. चाहत्यांनी निषेधाच्या सभा घेतल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. काही आठवड्यांतच त्यांनी आपला स्वतःचा क्लब स्थापन केला, सार्वजनिक माळरानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली आणि इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत अगदी तळाच्या भागातून सुरुवात केली. २०११ साली, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत, हा क्लब राष्ट्रीय लीगमध्ये येऊन पोहोचला. २०२० साली तो आपल्या जुन्या परिसरात, प्लाऊ लेनवर, स्वतःच्या नव्या मैदानावर परतला. त्या मैदानासाठी चाहत्यांनी रोख्यांच्या रूपाने पन्नास लाख पौंडांहून अधिक रक्कम उभी केली होती. क्लबचे सूत्र आजही चाहत्यांच्या विश्वस्त संस्थेच्याच हाती आहे.

जर्मनीने हाच विचार नियमात बांधला. १९९८ साली तेथील क्लबांना व्यावसायिक कंपन्या स्थापण्याची मुभा मिळाली, ती एका अटीवर: कंपनीतील मतांपैकी निम्मी आणि वर एक मत ही मूळ सभासद-संस्थेकडेच राहिली पाहिजेत. भांडवल बाहेरून येऊ द्यावे, परंतु शेवटचा शब्द सभासदांचा असावा, असा हा मार्ग. लेव्हरकुसेन आणि वोल्फ्सबुर्ग येथील कारखानदारी कंपन्यांच्या क्लबांना जुन्या नात्यामुळे अपवाद करण्यात आला. लाइपझिग येथे मतदार सभासदांची संख्या मूठभर ठेवून नियमाचा आत्मा गुंडाळून ठेवल्याची टीकाही होते. तरी एकंदरीत व्यवस्था टिकली आहे. २०२४ च्या आरंभी लीगच्या उत्पन्नातील हिस्सा बाहेरच्या गुंतवणूकदारास देण्याची योजना पुढे आली, तेव्हा प्रेक्षकांनी आठवड्यामागून आठवडे मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबविले आणि फेब्रुवारीत लीगला ती योजना सोडून द्यावी लागली. ज्यांच्या हाती मत असते त्यांचा आवाज असा ऐकू येतो.

परंतु चाहत्यांची मालकी म्हणजे सर्व रोगांवरचे रामबाण औषध, असे कोणी समजू नये. दक्षिण इंग्लंडातील पोर्ट्समथचा क्लब दिवाळखोरीत निघाला असता २०१३ साली चाहत्यांनी, दोन हजारांहून अधिक जणांनी प्रत्येकी हजार पौंडांच्या आसपास रक्कम घालून, तो विकत घेतला आणि बुडता वाचविला. कर्ज फिटले, २०१७ साली संघाने आपल्या श्रेणीत पहिला क्रमांकही मिळविला. पण त्याच वर्षी त्याच चाहत्यांनी बहुमताने क्लब एका अमेरिकी धनाढ्यास विकला. जुने मैदान दुरुस्त करावयाचे आणि वर चढावयाचे तर लागणारा पैसा आपल्याजवळ नाही, असे त्यांना वाटले. दुसरे उदाहरण बार्सिलोनाचे. या क्लबचे मालक त्याचे लक्षावधी सभासद. अध्यक्ष निवडतात तेही तेच. तरीही निवडून आलेल्या मंडळींनी ऐपतीबाहेर खर्च केला आणि २०२१ साली क्लबवरील बोजा १३५ कोटी युरोंवर गेल्याचे खुद्द अध्यक्षांनीच सांगितले. मेस्सीसारखा खेळाडू डोळ्यांदेखत निघून गेला. सभासद मालक असले तरी हिशेब पाहत नसतील, तर संस्था बुडावयास धनिकाची गरज पडत नाही.

आपल्या देशातही सभासदांचे क्लब आहेतच. कोलकात्याचा मोहन बागान हा १८८९ साली आणि ईस्ट बंगाल हा १९२० साली स्थापन झालेला. दोन्ही क्लबांचे कार्यकारी मंडळ सभासदांच्या मतांवर निवडून येते. काळ बदलला, लीगचा खर्च कोटींच्या घरात गेला, आणि २०२० साली दोघांनाही उद्योगपतींचे दार ठोठावावे लागले. मोहन बागानच्या फुटबॉल कंपनीत ऐंशी टक्के वाटा नव्या मालकांचा आणि वीस टक्के जुन्या क्लबचा ठरला. संघाच्या नावाआधी एटीके ही तीन अक्षरे आली. चाहत्यांना ती अक्षरे गळ्यात लोढणे बांधावे तशी झाली. तीन वर्षे त्यांनी विरोध चालू ठेवला. १८ मार्च २०२३ रोजी आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर हा संघ लीगचा विजेता झाला, आणि त्याच रात्री मालकांनी ती अक्षरे काढून टाकण्याची घोषणा केली. ईस्ट बंगालच्या बाबतीत २०२१ साली गुंतवणूकदाराबरोबरच्या अंतिम करारात सभासदांच्या हक्कांचा प्रश्न उभा राहिला, आणि चाहते रस्त्यावर उतरले. वीस टक्क्यांच्या मालकीने अक्षरे काढता येतात, पण त्यासाठी तीन वर्षे ओरडावे लागते. हाती निम्म्याहून अधिक मते असती तर अक्षरे आलीच नसती. आम्हांस यातून एवढेच दाखवावयाचे आहे की, चाहत्यांचा हक्क करारात पहिल्या दिवशी लिहिला गेला तरच तो टिकतो. मागाहून मागावयास गेले की तो उपकार ठरतो.

आता बडोद्याकडे वळू. ज्या वर्षी कोलकात्यास मोहन बागान जन्मास आला, त्याच १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर या मराठी गृहस्थांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. सहकाराचा कायदा हिंदुस्थानात येण्यास अजून पंधरा वर्षे अवकाश होता. मध्यम स्थितीतील मराठी कुटुंबांनी एकमेकांच्या अडीअडचणीस उपयोगी पडावे म्हणून आपली बचत एकत्र केली, सावकाराच्या दारी जाणे टाळले, आणि देशातील नागरी सहकारी पतसंस्थांची ही आद्य संस्था ठरली. दोन महायुद्धे, संस्थानाचे विलीनीकरण, राज्यांची पुनर्रचना, या साऱ्यांतून ती तरली. मात्र तिची बँक झाल्यानंतर, या शतकाच्या पहिल्या दशकात, आर्थिक स्थिती ढासळल्यामुळे रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. शंभर वर्षांहून अधिक काळ परस्परांच्या विश्वासावर उभी असलेली संस्था अशी मिटली, ही गोष्ट बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून आजही हळहळीने बोलली जाते. आम्हांस तिच्यापासून दोन धडे घ्यावेसे वाटतात. सामान्य माणसे आपली संस्था आपण उभारू शकतात, हा पहिला. विश्वास ही जमेची बाजू असली तरी ती लेखापरीक्षणाची जागा घेऊ शकत नाही, हा दुसरा.

बडोद्याच्या मातीत या रीतीची आणखीही उदाहरणे आहेत. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालास बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यांतील खेड्यांच्या वाचनालयांची योजना मोठी शहाणपणाची होती: गावाने जेवढी रक्कम जमवावी तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच दरबाराने. सरकारी मदत मिळे, परंतु गावाने आधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागे, आणि म्हणून वाचनालय गावाचे राही. १८८० साली जुम्मादादांनी सुरू केलेली आणि पुढे राजरत्न माणिकरावांनी नावारूपास आणलेली व्यायामशाळा ही अशीच लोकांच्या आधारावर वाढली; तेथे हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता, गुरू मुसलमान आणि पट्टशिष्य मराठी ब्राह्मण होता. बडोद्यापासून जेमतेम चाळीस किलोमीटरांवर आणंद आहे. तेथील दूध उत्पादकांनी १९४६ साली त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली जो संघ उभारला, त्याचे मूळ सूत्र ज्याच्या गोठ्यात एक म्हैस त्यालाही एकच मत आणि ज्याच्या गोठ्यात दहा त्यालाही एकच मत, हे आहे. दुधाचा एवढा मोठा व्यवहार या सूत्रावर चालू शकतो, तर फुटबॉलचा एक क्लब का चालू नये?

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो खरा आहे. पैशाचे सोंग आणता येत नाही. राष्ट्रीय स्तरावरील संघ एक हंगाम चालविण्यास कोट्यवधी रुपये लागतात. ते वर्गणीतून जमणार नाहीत. परंतु सुरुवात तेथून करावयाची असे कोणी सांगितले? २०११ च्या जनगणनेत बडोदे शहराची वस्ती सोळा लाखांवर होती. सव्वातीनशे माणसांमागे एक जण पुढे आला तरी पाच हजार सभासद होतात. प्रत्येकाने वर्षाकाठी पाचशे रुपये, म्हणजे महिन्याला बेचाळीस रुपयांच्या आत, दिले तर पंचवीस लाख रुपये उभे राहतात. या रकमेत परदेशी खेळाडू येणार नाही. मात्र मुलांचे व मुलींचे वयोगटांचे संघ, एक पगारी प्रशिक्षक, चेंडू-बूट, मैदानाची देखभाल आणि राज्याच्या लीगमध्ये खेळणारा एक संघ, एवढ्याची सुरुवात तरी खास होईल. वरची वाटही पूर्वीसारखी बंद नाही. २०२३ साली पंजाबचा आणि २०२४ साली मोहमेडन स्पोर्टिंगचा संघ खालच्या लीगमधील विजेतेपदाच्या बळावर इंडियन सुपर लीगमध्ये गेला. जिन्याच्या पायऱ्या आहेत. त्या एकेक करून चढावयाची तयारी हवी. विंबल्डनकरांस नऊ वर्षे लागली. बडोदेकरांस पंचवीस लागतील. लागोत.

दुसरा आक्षेप असा की, पाच हजार माणसांच्या मताने संघ कसा चालणार? आज बचावफळीत कोण खेळणार, हे का सर्वसाधारण सभेत ठरवावयाचे? येथे मालकी आणि कारभार यांत भेद करणे अगत्याचे आहे. नाटकमंडळीच्या मालकाने रंगमंचावर येऊन नटाच्या तोंडची वाक्ये बोलू नयेत, तसे सभासदांनी प्रशिक्षकाच्या कामात तोंड घालू नये. त्यांनी चार गोष्टी आपल्या हाती ठेवाव्यात: कारभारी मंडळाची निवड, वर्षाचे अंदाजपत्रक, क्लबचे नाव-रंग-ठिकाण, आणि मालमत्तेची विक्री. बाकी सारे काम जाणत्या माणसांस पगार देऊन करवून घ्यावे आणि वर्षअखेर त्यांना जाब विचारावा. चाहत्यांनी क्लब चालवावा याचा अर्थ आम्ही एवढाच समजतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो आपणा मराठी माणसांस इतरांहून अधिक समजेल. १९५० साली प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा शेतकरी खरोखरच मालक झाला. पुढे ठिकठिकाणी सहकारमहर्षींच्या जागी सहकारसम्राट कसे आले, सभासद कागदावर मालक राहून दारात हात जोडून कसा उभा राहिला, हे आपण पाहिले आहे. आपल्या देवस्थानांतील महाजनांच्या बैठका आठवाव्यात. देऊळ सर्व महाजनांचे, देवावर भक्ती सर्वांची. तरी निवडणूक आली की दोन तट पडतात आणि भांडण कोर्टात जाते. खुद्द बडोद्यातही याचा अनुभव आहे. बडोदा क्रिकेट असोसिएशनमध्ये व्यक्तिगत सभासद मतदान करून कारभारी निवडतात. पाच वेळा रणजी करंडक जिंकलेली ही संस्था. कोटंबी येथे तिने स्वतःचे स्टेडियम उभारले आणि २०२४ च्या डिसेंबरात तेथे महिलांचा आंतरराष्ट्रीय सामनाही झाला. सभासदांची संस्था किती मोठे काम करू शकते याचा हा दाखलाच. त्याचबरोबर गटबाजी आणि कोर्टकचेऱ्या यांनीही तिची पाठ सोडलेली नाही. तिच्या पाठीशी क्रिकेट मंडळाचा पैसा होता म्हणून ती या भांडणांत तरली. फुटबॉलच्या गरीब क्लबला तशी चैन परवडणार नाही.

म्हणून भक्तीवर विसंबून न राहता घटना नीट लिहावी, असे आमचे सांगणे आहे. एका माणसास एकच मत असावे. भाग कितीही घेतले तरी मत वाढू नये. सभासदत्व वारसाने चालू नये. जो वर्गणी देईल आणि जो मैदानावर येईल तो सभासद, मग तो दांडिया बाजारातील मराठी असो, गुजराती असो की कारखान्यात काम करावयास आलेला बिहारी वा मलयाळी असो. एका पदावर एका माणसाने किती वर्षे बसावे यास मर्यादा असावी. बाहेरचा पैसा घ्यावा, अवश्य घ्यावा, परंतु निम्म्याहून अधिक मते कधीही बाहेर जाऊ देऊ नयेत. क्लबचे नाव, त्याचे रंग आणि त्याचे शहर यांत बदल करावयाचा तर तीनचतुर्थांश सभासदांची संमती लागावी. जमेपेक्षा खर्च अधिक असलेले अंदाजपत्रक मंजूरच होऊ नये. आणि वर्षाचा हिशेब, बाहेरच्या लेखापरीक्षकाने तपासून, भर सभेत वाचून दाखवावा, जसा आपल्याकडे वाड्यावाड्यांतून सार्वजनिक गणपतीचा हिशेब विसर्जनानंतर वाचला जातो. त्या हिशेबात चार आणे कमी पडले तरी कोणीतरी उठून विचारतोच. हा विचारणारा माणूस ज्या संस्थेत आहे ती सहसा बुडत नाही.

मैदानाचा प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच कळीचा आहे. मैदान नसलेला क्लब भाड्याच्या घरात राहणाऱ्या बिऱ्हाडासारखा. घरमालकाची मर्जी फिरली की सामान रस्त्यावर. येथे ग्रंथालयांची जुनी तिहेरी वाटणी पुन्हा उपयोगात आणता येईल. एक वाटा सभासदांनी जमवावा, एक महापालिकेने द्यावा, एक राज्य सरकारने. महापालिकेने जमीन विकू नये, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, आणि क्लब मोडला तर जमीन पुन्हा शहराची व्हावी. बदल्यात क्लबने सकाळच्या वेळी ते मैदान शाळांच्या मुलामुलींस विनामूल्य मोकळे ठेवावे. अशा व्यवस्थेत कोणाचे नुकसान होते ते आम्हांस दिसत नाही. मोकळ्या जागा वाहनतळांनी आणि इमारतींनी गिळून टाकण्याच्या आजच्या काळात, ज्या तुकड्यावर पाच हजार माणसांचा हक्क आहे तो गिळणे कोणासही सोपे जाणार नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

त्रिवेंद्रमला त्रावणकोर रॉयल्स या नावाने चाहत्यांच्या मालकीचा एक क्लब गेल्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला. म्हणजे देशात अगदीच पहिले पाऊल टाकावयाचे आहे असेही नाही. गोमंतकाने तर याकडे विशेष लक्ष द्यावे. जमीन एकाची नसून गावाची आणि तिचे उत्पन्न गावकऱ्यांनी मिळून वाटून घ्यावयाचे, ही गावकरीची व्यवस्था आपल्या पूर्वजांनी पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून चालविली. तिचे गुण आपणांस ठाऊक आहेत आणि ती कोठे किडली हेही ठाऊक आहे. गावोगावचे आपले क्लब आजही वर्गणीवर आणि दोनचार पदरमोड करणाऱ्या माणसांवर चालतात. ती माणसे थकली की क्लबही थकतो. या क्लबांना सभासदांची रीतसर घटना, खुला हिशेब आणि मैदानावरचा कायम हक्क मिळाला, तर पुढच्या वेळी मोठ्या घराण्यांनी हात आखडला तरी गावचा फुटबॉल उपाशी राहणार नाही.

बडोद्याच्या फुटबॉलप्रेमींना आमची सूचना एवढीच की, त्यांनी कोणा धनिकाची वाट पाहत बसू नये आणि आलेल्या धनिकास हाकलूनही लावू नये. त्यांनी आधी पाचशे सभासद जमवावेत, घटना लिहावी, सहकारी संस्था म्हणून किंवा अन्य योग्य कायद्याखाली तिची नोंदणी करावी, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचा एक संघ मैदानात उतरवावा. धनिक येईल तेव्हा त्यास बसावयास खुर्ची द्यावी, त्याचे आभार मानावेत, आणि घटनेची एक प्रत त्याच्या हाती ठेवावी.